पाऊस मोजला नाही म्हणजे पडला नाही?

टाळ्या थांबवा आणि खाली बसा सगळे. पडद्यावरचा ठिपका हिरवा झाला, सर्व्हिस जोडली गेली, चार नोंदी आल्या आणि तक्त्यात दिसल्या, एवढ्यावर प्रकल्प पूर्ण झाला असं तुम्ही मला सांगताय. मी तुमची कॉन्फिगरेशनची फाइल ओळ न ओळ वाचली आहे. जिथं विचार करून निर्णय घ्यायचा होता, तिथं तुम्ही आयती आलेली किंमत तशीच ठेवली. जिथं यंत्रणा ओरडून सांगत होती की काहीतरी चुकतंय, तिथं तुम्ही तिचं तोंड दाबलं. याला मी प्रकल्प म्हणणार नाही. हा निष्काळजीपणा आहे आणि तो मी खपवून घेणार नाही.

विषय तुम्हीच निवडलात. गेवराई तालुक्यातल्या चकलांबा मंडळाचा पाऊस. पर्जन्यमापकाच्या नोंदी सोप वेब सर्व्हिसमधून घ्यायच्या, इव्हेंट प्रोसेसिंगच्या प्लॅटफॉर्मवर त्यांची बेरीज करायची आणि 24 तासांत 65 मिलिमीटरची रेघ ओलांडली की इशारा काढायचा. सरावाचा प्रकल्प आहे, मान्य. पण ही 65 ची रेघ कशाची, असं मी विचारलं तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलात. ज्या आकड्यावर अख्खी यंत्रणा उभी केली त्याचा अर्थ एकालाही सांगता आला नाही. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा.

मग ऐका. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, की आपल्या राज्यात तिथं अतिवृष्टी झाली असं धरतात. त्या नोंदीवरून तहसील हलते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनाम्याला बांधावर जातात. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं, की मदतीची वाट मोकळी होते. हवामान खातं 64.5 ते 115.5 मिलिमीटरला मुसळधार म्हणतं, 115.6 ते 204.4 ला अतिमुसळधार. बीड जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ही रेघ ओलांडणारा दिवस वर्षाच्या पावसाचा दहावा हिस्सा एका दिवसात ओतून जातो. बोंडं फुटायच्या वेळी असा दिवस आला तर कापसाचं काय होतं, हे तुमच्यापैकी निम्म्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्याच घरची शेतं आहेत ती.

आणि ही मोजणी खरोखरच यंत्रांवर गेलेली आहे. 2017 पासून कृषी विभागानं महावेध प्रकल्पात स्कायमेटच्या साहाय्यानं मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. त्यांची आतली रचना हा आपला आजचा विषय नाही. पण उद्या तुम्ही नोकरीला लागाल, तेव्हा अशाच कुठल्यातरी यंत्रणेची जोडणी तुमच्या हातात येईल. तिथं तुम्ही आजच्यासारखं काम केलंत, तर एखादं मंडळ यादीतून गळेल आणि का गळलं ते कुणाला कळणारही नाही.

आता तुमची पहिली तक्रार निकालात काढतो. सोप जुनं झालं, आता सगळे रेस्ट वापरतात, म्हणून आम्ही खोलात गेलो नाही, असं तुमचा गटप्रमुख म्हणाला. सोप 1.1 मे 2000 मध्ये डब्ल्यू3सीकडे टिपण म्हणून आलं, 1.2 जून 2003 मध्ये शिफारस म्हणून मान्य झालं. हो, जुनं आहे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी यंत्रणांत आजही ते चालू आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंचा करार डब्ल्यूएसडीएलच्या फाइलमध्ये लेखी असतो. जुन्या गोष्टीवर काम करायचं असेल तर ती जास्त नीट समजून घ्यावी लागते. वयाचं कारण पुढे करून अभ्यास टाळणं मला चालणार नाही.

तो करार तरी वाचलात का? नाही. पत्ता दिला, साधनानं क्लास तयार करून दिले, तुम्ही ते वापरले. करारात पावसाच्या रकान्याचा प्रकार दशांश संख्या असा आहे. एवढंच आहे. ती संख्या मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हे तिथं लिहिलेलं नाही. ती गेल्या दहा मिनिटांतली आहे की सकाळपासूनची एकूण, हेही लिहिलेलं नाही. पर्जन्यमापकातली ती छोटी वाटी ठरावीक पाणी भरलं की कलंडते आणि यंत्र कलंडण्या मोजतं. काही यंत्रं दर वेळची वाढ पाठवतात, काही चढता एकूण आकडा पाठवतात. चढता आकडा तुम्ही पुन्हा पुन्हा मिळवत गेलात, तर 10, 20, 30 मिलिमीटरच्या तीन नोंदींचे 60 होतात आणि खरा पाऊस असतो 30. डब्ल्यूएसडीएल तुम्हाला आकड्याचा आकार सांगतं. अर्थ विचारावा लागतो. पाठवणाऱ्याला फोन करून विचारावा लागतो, आणि मिळालेलं उत्तर त्याच फाइलच्या टिपणात लिहून ठेवावं लागतं. तुमच्यापैकी एकानंही फोन उचलला नाही.

दुसरी गोष्ट. तुमचा प्लॅटफॉर्म दर वेळी सुरू होताना करार समोरच्या सर्व्हरवरून उतरवून घेतो. समोरचा सर्व्हर त्या घडीला बंद असला, तर तुमचंही काही सुरू होणार नाही. पावसाळ्याच्या रात्री वीज जाते, येते, यंत्रं पुन्हा सुरू होतात. नेमक्या त्याच वेळी तुम्ही दुसऱ्याच्या दारात ताटकळत बसणार. कराराची प्रत स्वतःजवळ ठेवा, आवृत्तीची नोंद करून ठेवा. आणि करारातला सर्व्हिसचा पत्ता डोळे झाकून घेऊ नका. कित्येकदा तो समोरच्याच्या घरातला, आतल्या जाळ्यातला पत्ता असतो. खरा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये वेगळा लिहायचा असतो.

तिसरी गोष्ट सांगताना मला खरंच वाईट वाटतं. जोडणीच्या पहिल्याच दिवशी तुम्हाला व्हर्जन मिसमॅचचा फॉल्ट आला होता. लॉगमध्ये दिसतंय मला. सर्व्हिस 1.1 ची होती आणि तुम्ही लिफाफा 1.2 चा पाठवत होता. दोन्हींचं नेमस्पेस वेगळं. 1.1 टेक्स्ट एक्सएमएल म्हणून जातं आणि सोपॲक्शनचा वेगळा हेडर मागतं, 1.2 सोप प्लस एक्सएमएल म्हणून जातं आणि कृतीचं नाव त्यातच बसतं. दहा मिनिटांत सुटणारी गोष्ट. तुम्ही काय केलंत? मध्ये एक तुकडा घुसवून येणाऱ्या निरोपातलं नेमस्पेस मजकूर शोधून बदललंत आणि तपासणी बंद करून टाकली. त्या दिवसापासून तुमच्या दारावर राखणच नाही. उद्या रकान्याचं नाव बदललं, अंकाच्या जागी मजकूर आला, काहीही आलं तरी ते आत शिरणार.

आणि शिरलंच. आता मुख्य गुन्ह्याकडे येतो. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

तुमच्या ॲडॉप्टरमध्ये एक ओळ आहे. सर्व्हिसकडून उत्तर आलं नाही, फॉल्ट आला, किंवा पावसाचा रकाना रिकामा आला, तर पाऊस शून्य धरा आणि इव्हेंट पुढे पाठवा. का, असं विचारलं तर म्हणालात की प्रोसेसर रिकामी किंमत आली की अडखळत होता, शून्य घातल्यावर सुरळीत चालायला लागला. सुरळीत! तुमच्या बापानं कापसाची गाडी जिनिंगवर नेली आणि काटा बंद आहे म्हणून काटेवाल्यानं शून्य किलोची पावती फाडून हातात दिली, तर तुमचा बाप ती घेऊन मुकाट्यानं घरी येईल का? मग चकलांब्याच्या शेतकऱ्याच्या हातात शून्य मिलिमीटरची पावती देताना तुमचा हात का थरथरला नाही?

मोजला नाही आणि पडला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र कधी बंद पडतं? कोरड्या, स्वच्छ दुपारी क्वचित. विजा कडाडत असताना, वारा सुटलेला असताना, टॉवर झोपलेला असताना ते बंद पडतं. म्हणजे ज्या वेळी पाऊस सगळ्यात जास्त असतो, त्याच वेळी नोंद हरवण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आणि तुमची ओळ नेमक्या त्याच वेळी तिथं शून्य लिहिते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. सिंदफणा नदी पात्र सोडून वाहिली, जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावं लागलं, काठची शेतं मातीसकट गेली. अशा रात्री तुमच्या तक्त्यात त्या मंडळासमोर शून्य दिसलं असतं, आणि वर तो हिरवा ठिपका.

फॉल्ट हा तुमचा शत्रू नाही. यंत्रणा तुमच्याशी जितकं खरं बोलू शकते, तितकं ती फॉल्टमधून बोलते. 1.1 मध्ये तो एचटीटीपी 500 सोबत येतो आणि त्यात कोड असतो. क्लायंट असा कोड आला तर तुमच्या निरोपात चूक आहे, तोच निरोप शंभर वेळा पाठवून उपयोग नाही, थांबा आणि दुरुस्त करा. सर्व्हर असा कोड आला तर समोरची बाजू अडचणीत आहे, थोड्या वेळानं पुन्हा विचारा. 1.2 मध्ये याच दोन जागांना सेंडर आणि रिसीव्हर म्हणतात, आणि सेंडरची चूक असेल तर एचटीटीपी 400 येतो. हे दोन रस्ते वेगळे ठेवायचे असतात. तुम्ही दोन्ही एकाच खड्ड्यात ढकलले. रिकाम्या रकान्यासाठी एक्सएमएलमध्ये निल असं सांगायची सोय आहे. तुमच्या इव्हेंटच्या रचनेत नोंद आहे की नाही याचा वेगळा रकाना हवा, आणि ठरलेल्या वेळेत केंद्राकडून काहीच आलं नाही तर तोच एक इव्हेंट व्हायला हवा. या प्लॅटफॉर्मचं खरं बळ त्यातच आहे, की न घडलेल्या गोष्टीचीही दखल घेता येते. स्टॅनफर्डच्या डेव्हिड लकहॅम यांनी 2002 मध्ये घटनांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते काय नुसत्या बेरजा करण्यासाठी?

आता वेळ. वही काढा आणि लिहून घ्या, कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही.

पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो. आदल्या सकाळी 8:30 पासून आजच्या सकाळी 8:30 पर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. साडेआठ यासाठी, की तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनं पहाटेचे तीन वाजलेले असतात. तुम्ही विंडो ठेवली मध्यरात्र ते मध्यरात्र. का? प्लॅटफॉर्मनं आयती तीच दिली म्हणून.

त्याहून वाईट पुढे आहे. एक्सएमएलच्या तारीख-वेळेत पाच तास तीस मिनिटांचा फरक लिहिणं ऐच्छिक असतं. केंद्रानं तो लिहिला नव्हता. तुमचा सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो. त्यानं चकलांब्याची वेळ जागतिक वेळ समजून घेतली आणि प्रत्येक नोंद साडेपाच तास पुढे सरकली. मी तुमच्याच चाचणीच्या आकड्यांवर हिशेब केला. रात्री 8 ते 11 या वेळात 40 मिलिमीटर, पहाटे 4 ते 6 या वेळात 31. बेरीज 71, रेघ ओलांडली, अतिवृष्टी. विंडो साडेआठची करून बघितली तरी तुमच्या यंत्रणेत काय झालं? रात्रीचा पाऊस दीड ते साडेचारवर गेला, त्याच पर्जन्यदिवसात राहिला. पहाटेचा पाऊस साडेनऊ ते साडेअकरावर गेला आणि दुसऱ्या पर्जन्यदिवसात पडला. एका दिवशी 40, दुसऱ्या दिवशी 31. दोन्ही 65 च्या आत. मंडळ यादीबाहेर. एकही थेंब हरवला नाही, एकही फॉल्ट आला नाही, ठिपका हिरवाच राहिला, आणि तरी अतिवृष्टी कागदावरून नाहीशी झाली.

दोन प्रश्न तुम्ही एकाच विंडोत कोंबले, तेही चूक. नोंदीसाठी साडेआठ ते साडेआठ अशी ठरीव विंडो लागते. माणसं वाचवण्यासाठी सरकती विंडो लागते, गेल्या एका तासाची, गेल्या तीन तासांची. तासाभरात 100 मिलिमीटर पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात. तो पाऊस ओढ्याला पूर आणायला सकाळच्या साडेआठची वाट बघत नाही. एक विंडो तहसीलसाठी, दुसरी ओढ्याकाठच्या वस्तीसाठी. दोन प्रश्न, दोन उत्तरं, दोन वेगळे नियम.

टाइमआउट आणि पुन्हा प्रयत्न. तुम्ही तीस सेकंद ठेवले आणि तीनदा प्रयत्न. कुठून आले हे आकडे? उदाहरणातून उचलले. पुन्हा प्रयत्न समोरची बाजूही करते. केंद्राचा गेटवे तुमच्या सर्व्हिसला नोंद पाठवतो. तुम्ही ती घेता, बेरजेत धरता, पण पोच परत जाईपर्यंत जाळं तुटतं. गेटवेला वाटतं नोंद पोचली नाही, तो पुन्हा पाठवतो. तुम्ही ती पुन्हा बेरजेत धरता. 12 मिलिमीटरचे 24 झाले. यावर उपाय साधा आहे: केंद्राचा क्रमांक आणि मोजणीची वेळ मिळून एक खूण करायची, आणि ती खूण आधी येऊन गेली असेल तर नोंद घ्यायची पण मोजायची नाही. डब्ल्यूएस ॲड्रेसिंगमधला निरोप क्रमांक मदतीला आहे, पण पाठवणारा दर प्रयत्नाला नवा क्रमांक घालत असेल तर त्यावर विसंबू नका. मोजणीची वेळ बदलत नाही. आणि पोच कधी द्यायची? नोंद टिकाऊ रांगेत, डिस्कवर लिहिली गेल्यानंतर. तुम्ही आधी पोच देता आणि मग नोंद नुसत्या मेमरीत ठेवता. वीज गेली की नोंदही गेली, आणि समोरच्याला वाटतं पोचली. न केलेल्या कामाची पोच देणं म्हणजे खोटं बोलणं.

दुसऱ्या बाजूला तुम्ही प्रोसेसरच्या आतून सोपची हाक मारता, केंद्राची माहिती विचारायला. उत्तर येईपर्यंत अख्खा प्रवाह खोळंबतो. तुमच्या चॅनेलची लांबी शून्य आहे, म्हणजे इव्हेंट त्याच थ्रेडवर थेट पुढे जातो. उमापूर मंडळाचं केंद्र उत्तर द्यायला अडलं म्हणून चकलांब्याचा इशारा का अडावा? हाक ॲडॉप्टरमध्ये, काठावर ठेवा. तिला वेगळे थ्रेड द्या, जोडणीचा आणि वाचनाचा टाइमआउट वेगवेगळा लावा, केंद्रांची माहिती जवळ साठवून ठेवा. थ्रेड वाढवलेत की क्रम बिघडू शकतो, हेही लक्षात असू द्या. एका केंद्राच्या नोंदी एकाच वाटेनं जातील असं विभाजन करा.

टॉवर परत सुरू झाला की केंद्र साठवलेल्या नोंदी एकदम पाठवतं. रात्री एकची नोंद सकाळी सातला येते. तुमची यंत्रणा ती उशिरा आली म्हणून फेकून देते. उशिरा आलेलं खरं हे खरंच असतं. नोंदीची विंडो काही काळ उघडी ठेवा, आणि बंद झाल्यावर आलेली नोंदही धरून सुधारित आकडा काढा. आधीचा आकडा पुसू नका, दोन्ही ठेवा, कधी आणि का बदलला ते लिहा. उद्या शेतकरी विचारायला आला तर त्याला दाखवता आलं पाहिजे.

सुरक्षेवर थोडक्यात बोलतो, कारण इथं चर्चेला जागाच नाही. पासवर्ड कॉन्फिगरेशनमध्ये उघडा लिहून तुम्ही तो कोडच्या सामाईक साठ्यात टाकलात. आजच्या आज बदला. नुसता पुसून भागणार नाही, जुन्या आवृत्तीत तो दिसतोच. प्रमाणपत्राची तपासणी चाचणीपुरती बंद केली होती, ती बंदच आहे. डब्ल्यूएस सिक्युरिटीचा टाइमस्टॅम्प मुदतबाह्य येत होता म्हणून तो काढून टाकलात. मुदतबाह्य का येत होता? तुमच्या सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं होतं. पावसाच्या नोंदी ज्या घड्याळावर तोलायच्या तेच चुकीचं आहे, हे तुम्हाला यंत्रणेनं सांगितलं आणि तुम्ही सांगणाऱ्यालाच हाकललंत. घड्याळ नीट करा, टाइमस्टॅम्प परत बसवा.

शेवटी इशारा. तुम्ही कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल वापरलात, हे बरोबर केलंत. ओएसिसचं ते प्रमाण आहे, 1.2 ही आवृत्ती 2010 ची. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सचेत यंत्रणा त्याच प्रमाणावर उभी आहे. पण त्यात स्थिती नावाचा रकाना असतो. खरा इशारा असेल तर ॲक्च्युअल, कवायत असेल तर एक्सरसाइज, चाचणी असेल तर टेस्ट. तुमच्या सरावाच्या प्रत्येक इशाऱ्यात ॲक्च्युअल आहे. नमुन्यातून उचललं आणि बदललं नाही. 13 जानेवारी 2018 ला हवाई बेटांवर सरावाच्या वेळी खरा क्षेपणास्त्र-इशारा सुटला आणि चूक झाली असं लोकांच्या फोनवर कळवायला 38 मिनिटं लागली. 38 मिनिटं माणसं मुलाबाळांना उराशी धरून बसली होती. 2023 मध्ये आपल्याकडे मोबाइलवर इशाऱ्याची चाचणी झाली, तेव्हा हा नमुना निरोप आहे असं त्यात ठळक लिहिलं होतं, ते उगाच नाही. इशारा परत घेण्यासाठी कॅन्सल आणि सुधारण्यासाठी अपडेट असे प्रकार त्याच प्रमाणात आहेत. तुमच्याकडे दोन्ही नाहीत. म्हणजे चुकलात तर माघारीचा रस्ताच नाही.

आणि तुमचा मराठी इशारा पोचला कसा? नुसती प्रश्नचिन्हं. टेक्स्ट एक्सएमएल लिहिलंत, पण अक्षरसंच यूटीएफ-8 आहे हे सांगितलं नाही. जुन्या नियमाप्रमाणे समोरची बाजू तो साध्या इंग्रजी अक्षरांचा मजकूर धरू शकते. एसएमएसला आणखी एक मर्यादा आहे: देवनागरीत एका तुकड्यात 70 अक्षरं बसतात, इंग्रजीसारखी 160 नाही. म्हणून गावाचं नाव, धोका आणि करायची कृती पहिल्या 70 अक्षरांत बसवा. खात्याचं नाव, क्रमांक, शुभेच्छा नंतर. रात्री दोनला शेतातल्या कोठ्यावर झोपलेल्या माणसाला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे की उठायचं आणि कुठं जायचं.

मी एवढा चिडलोय, कारण तुम्हाला येत नाही असं नाही. नेमस्पेस बदलणारा तो तुकडा ज्यानं लिहिला त्याला एक्सएमएल उत्तम कळतं. त्याच डोक्यानं त्याला मूळ चूक शोधता आली असती. तुमची अक्कल कमी पडली नाही, तुमचं लक्ष पडद्याच्या अलीकडे थांबलं. पडद्यापलीकडे एक मंडळ आहे, त्यात गावं आहेत, आणि तिथल्या माणसानं कधी सोपचं नाव ऐकलेलं नाही. तुमच्या फाइलमधली प्रत्येक ओळ हा त्या माणसाबद्दल तुम्ही घेतलेला निर्णय आहे. आयती किंमत ठेवणं हाही निर्णयच, फक्त तो दुसऱ्या कुणीतरी, चकलांबा कुठं आहे हे न कळता घेतलेला.

आता काम ऐका. करार वाचून प्रत्येक रकान्यासमोर एकक, अर्थ आणि रिकामा आला तर काय, हे मराठीत लिहा. शून्य घालणारी ती ओळ आज काढा. कॉन्फिगरेशनमधल्या प्रत्येक आकड्यासमोर तो का, हे एका वाक्यात लिहा. वाक्य सुचत नसेल तर तो आकडा तुमचा नाही. चाचण्या नव्यानं करा: फॉल्ट, रिकामी नोंद, दुबार नोंद, उलटा क्रम, सहा तास उशीर, वेळेत फरक न लिहिलेली नोंद, मध्येच गेलेली वीज. चांगल्या दिवसाची चाचणी मला पुन्हा दाखवू नका.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः केंद्राच्या बाजूची तार काढणार आहे आणि कधी काढणार ते सांगणार नाही. त्यानंतर चकलांब्यासमोर 'नोंद नाही' असं दिसलं पाहिजे, आणि ते बघायला जबाबदार असलेल्याचा फोन वाजला पाहिजे. शून्य दिसलं तर मी सही करणार नाही, आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा याच बाकांवर असाल.